युनिकर्नेल : लाघव आणि संरक्षण

१

एखादी रचना कमीत कमी सामग्रीत उभारली की ती अधिक निर्दोष होते काय, हा प्रश्न भारतीय भाषांच्या अभ्यासकाला नवा नाही. सूत्रवाङ्मयाचा सारा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. संगणकशास्त्रात तोच प्रश्न २०१३ नंतर 'युनिकर्नेल' या नावाने पुन्हा उभा राहिला, आणि तेथे त्याचे उत्तर केवळ रुचीवर अवलंबून नाही. चुकीच्या उत्तराचा परिणाम बँकेच्या खात्यांवर आणि रुग्णालयाच्या नोंदींवर होऊ शकतो. प्रस्तुत लेखात या प्रणालींची उद्दिष्टे कोणती व त्यांच्या संरक्षणाचा विचार कोठे पुरा पडतो आणि कोठे अपुरा राहतो, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम संज्ञेचा खुलासा करणे इष्ट होईल. संगणकावर चालणारी आज्ञावली सामान्यतः यंत्राशी थेट व्यवहार करीत नाही. तिच्या आणि यंत्राच्या मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे प्रचालन-प्रणाली, ही मध्यस्थ व्यवस्था असते. या व्यवस्थेचा गाभा म्हणजे कर्नेल. स्मृती कोणाला किती द्यावयाची, तबकडीवरील मजकूर कोणी वाचावयाचा, बाहेरून आलेला निरोप कोणाकडे पोहोचवावयाचा, हे गाभा ठरवितो. यंत्राचे सर्वाधिकार त्याच्याकडे असतात. इतर आज्ञावल्यांना त्याच्याकडे विनंती करावी लागते आणि ती तो नाकारू शकतो. प्रोसेसरमध्येच या दोन पायऱ्यांची सोय केलेली असते, त्यामुळे ही मर्यादा केवळ शिष्टाचाराची नसून यंत्रानेच पाळलेली असते.

ही भिंत का उभारली गेली, हे समजण्यासाठी १९६० च्या दशकाकडे पाहावे लागते. त्या काळी संगणक अतिशय महाग होता आणि अनेक माणसांनी एकाच वेळी तो वापरणे भाग होते. १९६५ साली सुरू झालेला मल्टिक्सचा प्रकल्प आणि १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेली युनिक्स यांच्यासमोर हीच परिस्थिती होती. अनेक बिऱ्हाडांच्या वाड्यात जशा भिंती, कड्या, कुलुपे आणि कोणाचे काय याच्या नोंदी लागतात, तशा त्या येथेही लागल्या. वापरणाऱ्यांची नावे, गुप्तशब्द, धारिकांवरील परवानग्या, आज्ञा टंकण्यासाठीचे 'शेल', हे सर्व त्या वाड्याचे सामान होय. १९९१ साली आलेल्या लिनक्सने हाच वारसा पुढे चालविला आणि तिच्या गाभ्याचा मूळ मजकूर आज दोन कोटी ओळींच्या पलीकडे गेला आहे.

दरम्यान वाड्यातील वस्ती मात्र बदलली. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रगृहांत भाड्याने मिळणारा संगणक बहुधा खरा संगणक नसतो. हायपरव्हायझर नावाचा एक थर एका खऱ्या यंत्राची अनेक आभासी यंत्रे करून देतो आणि त्यांना परस्परांपासून वेगळे ठेवतो. अशा एका आभासी यंत्राकडे पुष्कळदा एकच काम असते: संकेतनावाचा अंकी पत्ता सांगणे, किंवा एखादे पान पाठविणे. तेथे दुसरे बिऱ्हाड नाही, टंकणारा माणूस नाही, छपाईयंत्र नाही, ध्वनियंत्रही नाही. तरीही त्या एका कामासाठी संपूर्ण वाडा उभा केला जातो, आणि त्याचे प्रत्येक दार ही चोराला मिळालेली एक संधी ठरते.

युनिकर्नेलची कल्पना येथून निघते. आज्ञावली घ्यावी, तिला खरोखर लागणारे प्रचालन-प्रणालीचे तेवढेच भाग घ्यावेत, दोन्ही एकत्र कंपायलरमधून काढून त्यांची एकसंध प्रतिमा बनवावी आणि ती थेट हायपरव्हायझरवर सुरू करावी. गाभा आणि आज्ञावली हा भेदच मग उरत नाही. प्रणालीचे भाग येथे 'लायब्ररी'च्या रूपात असतात. या शब्दाचे 'ग्रंथालय' हे भाषांतर काही परिभाषाकारांनी केले असले तरी ते दिशाभूल करणारे आहे. वाचकाने जाऊन बसण्याचे ते ठिकाण नव्हे. सुताराच्या पेटीतील हवे तेवढेच हत्यार उचलावे तसा तो प्रकार आहे.

२

ही कल्पना नवी नाही, ती व्यवहार्य मात्र अलीकडे झाली. आय.बी.एम.च्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील केंद्रात १९६० च्या दशकातच आभासी यंत्रांची निर्मिती झाली होती आणि प्रत्येक आभासी यंत्रात एकाच माणसासाठी असलेली सी.एम.एस. ही छोटी प्रणाली चालत असे. वाटणी खालच्या थराने करावयाची आणि वरच्या थराने साधे राहावयाचे, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले होते. १९९५ साली एम.आय.टी.मधील एंग्लर, काशोक आणि ओटूल यांनी 'एक्सोकर्नेल'ची मांडणी केली. गाभ्याने केवळ यंत्राचे वाटप सुरक्षितपणे करावे, त्यावरील सोयी ज्याच्या त्याने आपल्या लायब्ररीतून घ्याव्यात, असे तिचे सूत्र होते. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात त्याच दशकात 'नेमेसिस' या प्रणालीवर झालेले काम याच जातीचे होते.

हे प्रयत्न प्रयोगशाळेबाहेर फारसे गेले नाहीत, याचे एक कारण अगदी रुक्ष आहे. बाजारात शेकडो प्रकारची जाळे-पत्रे, तबकड्या व नियंत्रक असतात. प्रत्येकासाठी वेगळी चालक-आज्ञावली लिहावी लागते. आणि छोट्या संशोधक-गटाला ते झेपत नाही. २००३ साली केंब्रिज विद्यापीठातूनच 'झेन' हा हायपरव्हायझर प्रसिद्ध झाला आणि ही अडचण दूर झाली. खरे यंत्र कोणतेही असो, झेनवरील पाहुण्याला त्याचे एकच ठरलेले, साधे, आभासी रूप दिसते. एकदा त्या रूपासाठी लिहिले की पुरते. त्याच विद्यापीठाच्या परिसरात अनिल माधवपेद्दी व त्यांचे सहकारी यांनी 'मिराज' ही प्रणाली बांधली आणि २०१३ साली 'युनिकर्नेल' ही संज्ञा रूढ करणारा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्या निबंधातील एक तुलना येथे नोंदविणे उपयुक्त ठरेल. संकेतनावांची उत्तरे देणारी नेहमीची सेवा लिनक्ससह आभासी यंत्रात बसविली, तर तिची प्रतिमा साडेचारशे मेगाबाइटच्या पलीकडे जात होती. तेच काम करणारा मिराजचा युनिकर्नेल अर्ध्या मेगाबाइटहून लहान होता. पुढील वर्षी, २०१४ साली, जाळ्यातील वाहतूक हाताळण्यासाठी केलेल्या 'क्लिकओएस'ची यंत्रे ५ मेगाबाइटची होती व सुमारे ३० मिलिसेकंदांत सुरू होत. २०१७ च्या 'लाइटव्हीएम'ने हा आरंभकाळ सुमारे २.३ मिलिसेकंदांपर्यंत आणला.

आरंभकाळाला एवढे महत्त्व का, हे २०१५ च्या 'जित्सू' या प्रयोगावरून ध्यानात येते. एखाद्या सेवेचे नाव कोणी विचारले की त्या क्षणी तिचे यंत्र उभे करावयाचे, आणि विचारणारा पत्ता घेऊन दाराशी येईपर्यंत ते तयार असावयाचे. काम नसेल तेव्हा यंत्र अस्तित्वातच नाही. यात विजेची व स्मृतीची बचत आहे; शिवाय जे अस्तित्वात नाही त्यावर हल्लाही करता येत नाही, हा लाभ संरक्षणाचा आहे.

३

लहान आकार, शीघ्र आरंभ, एका कामापुरती घडण, आणि संरक्षण: ही चार उद्दिष्टे युनिकर्नेलचे पुरस्कर्ते बहुधा एका दमात सांगतात. पहिली तीन मोजता येतात. चौथे मोजता येत नाही, आणि ते पहिल्या तिहींतून आपोआप निष्पन्न होते अशी समजूत करून घेणे सोपे असते. या समजुतीची परीक्षा करण्यासाठी व्याकरणपरंपरेतील एक भेद उपयोगी पडतो.

अर्ध्या मात्रेची बचत साधली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, अशा आशयाची परिभाषा नागेशभट्टाने परिभाषेन्दुशेखरात नोंदविली आहे. हा नागेश, म्हणजे काशीत राहून लिहिणारा महाराष्ट्रीय पंडित नागोजीभट्ट काळे. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असलेल्या कीलहॉर्नने त्याच्या या ग्रंथाचे संपादन व इंग्रजी भाषांतर केले. परिभाषेचे वाक्य सर्वतोमुखी झाले. परंतु त्याच परंपरेत लाघवाचे दोन प्रकार मानले जातात, याचा उल्लेख त्यामानाने कमी होतो. एक मात्रालाघव, म्हणजे अक्षरांची बचत. दुसरे प्रतिपत्तिलाघव, म्हणजे समजून घेण्यातील सुलभता. पहिले साधताना दुसऱ्याची हानी होऊ शकते. त्या हानीला प्रतिपत्तिगौरव म्हणतात. पाणिनीचे सूत्र आखूड होते, कारण आधीच्या सूत्रांतील पदे अनुवृत्तीने त्यात चालत येतात. सूत्र सुटे काढून वाचले तर अर्थ लागत नाही. अक्षरे वाचली, भार मात्र नाहीसा झाला नाही, तो वाचकाच्या स्मरणावर आणि भाष्यकारावर गेला.

साम्य फार ताणू नये. अष्टाध्यायीवर कोणी चोर हल्ला करीत नाही. परंतु युनिकर्नेलच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न विचारावयास हवा: जे गाळले, त्याचा भार कोठे गेला?

संगणकशास्त्राच्या परंपरेतही या विचाराला आधार आहे. साल्ट्झर व श्रोडर यांनी १९७५ साली संरक्षणाची तत्त्वे मांडली, त्यांत यंत्रणेचे लाघव हे एक तत्त्व होते. संरक्षणाचा भाग लहान व साधा असावा, कारण तो ओळ न् ओळ तपासता यावा, हे त्यामागील कारण होय. म्हणजे तेथेही आकाराला स्वतंत्र मोल नव्हते. तपासणीच्या सुलभतेला होते. त्याच यादीत, प्रत्येक घटकाला कामापुरताच अधिकार द्यावा, हेही तत्त्व होते. युनिकर्नेल पहिल्या तत्त्वाची पूजा करतो आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवतो, असा आक्षेप पुढे आला. तो निराधार नव्हता.

४

गाळण्याचा लाभ आधी पाहू. नेहमीच्या यंत्रावर शिरकाव करणारा हल्लेखोर बहुधा तेथील सामानच वापरतो. शेल उघडतो, परवानग्या चाचपतो, यंत्रावर असलेल्या इतर आज्ञावल्या चालवितो, स्वतःची एखादी धारिका ठेवून जातो. युनिकर्नेलमध्ये शेल नाही, वापरणाऱ्यांची खाती नाहीत, दुसरी आज्ञावली चालविण्याची सोय नाही, कित्येकदा धारिका ठेवण्याची जागाही नाही. जगभर पसरलेले तयार हल्ले तेथे निकामी होतात. जुळवणीचा तपशीलही बांधणीच्या वेळीच प्रतिमेत घातला जात असल्याने, चालू यंत्राची जुळवणी कोणी हळूच बदलून गेला, असे होणे कठीण. हा लाभ खरा आहे.

आता हानी. गाभा आणि आज्ञावली यांमधील भिंत काढली, म्हणजे आज्ञावलीतील एका चुकीचा लाभ घेऊन आत आलेला माणूस एकदम मालकाच्या खोलीत येतो. नेहमीच्या प्रणालीत त्याला गाभ्याकडे विनंती करावी लागली असती. येथे तो यंत्राच्या सर्वाधिकाराच्या पायरीवरच उभा असतो आणि आभासी जाळे-पत्रावर हवा तसा मजकूर लिहू शकतो. शेल नाही म्हणून हल्ला नाही, हा युक्तिवाद येथे तोकडा पडतो. शेल ही हल्लेखोराची सोय आहे, गरज नव्हे. चोर आपली हत्यारे स्वतः घेऊनही येतो.

ही भीती काल्पनिक नसल्याचे २०१९ साली दिसून आले. संगणक-सुरक्षेची तपासणी करणाऱ्या एन.सी.सी. ग्रुप या संस्थेने त्या वर्षी 'रम्परन' आणि 'इन्क्लूडओएस' या दोन युनिकर्नेल-प्रणालींची तपासणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या प्रणालींत गेल्या वीसेक वर्षांत हळूहळू बसविली गेलेली संरक्षणे या दोहोंत नव्हती, किंवा अर्धवट होती, असा तिचा निष्कर्ष होता. ही संरक्षणे काय आहेत, ते थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. कारण ती चालू असताना दिसत नाहीत, आणि गाळताना बिनकामाची वाटतात.

सी भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीत शंभर अक्षरांसाठी राखलेल्या जागेत दोनशे अक्षरे लिहिली, तर भाषा स्वतः अडवीत नाही. जादा अक्षरे शेजारच्या जागेत सांडतात. त्या शेजारी 'हे काम संपल्यावर पुढे कोठे जावयाचे' याचा पत्ता ठेवलेला असेल, तर हल्लेखोर त्यावर आपल्या सोयीचा पत्ता लिहू शकतो. याला अनेक उपाय निघाले. पत्त्याच्या अलीकडे एक यादृच्छिक खूण ठेवावयाची आणि परतताना ती शाबूत आहे की नाही, ते पाहावयाचे. स्मृतीचा जो भाग लिहिण्यास खुला आहे तो आज्ञा म्हणून चालविण्यास बंद ठेवावयाचा. प्रत्येक वेळी आज्ञावलीचे भाग स्मृतीत निरनिराळ्या पत्त्यांवर विखरून ठेवावयाचे, म्हणजे हल्लेखोराला नेम धरता येत नाही. या उपायांपैकी एकही चूक दुरुस्त करीत नाही. चुकीचा फायदा उठविणे मात्र अवघड होते. युनिकर्नेल बांधणाऱ्यांनी शून्यापासून आरंभ केला, आणि शून्यात हे उपाय नसतात.

यादृच्छिकतेची अडचण त्याहून सूक्ष्म आहे. गुप्तलेखनाच्या किल्ल्या, वरील खुणा, विखुरलेले पत्ते, हे सर्व तर्क करता न येणाऱ्या संख्यांवर अवलंबून असते. नेहमीचे यंत्र ती अनिश्चितता कळफलकाच्या ठोक्यांतून, तबकडीच्या विलंबांतून, अशा भौतिक घटनांतून गोळा करते. काही मिलिसेकंदांत उभ्या राहणाऱ्या आभासी यंत्रात यातले काहीच नसते. एकाच प्रतिमेच्या शंभर प्रती एकाच वेळी सुरू झाल्या, तर त्या सारखाच 'तर्कातीत' आकडा निवडण्याचा धोका असतो. शीघ्र आरंभ आणि संरक्षण ही दोन उद्दिष्टे येथे परस्परविरोधी ठरतात. प्रोसेसरमधील खास आज्ञा किंवा हायपरव्हायझरकडून मिळणारे बीज हा त्यावरील मार्ग आहे, पण तो बांधणाऱ्याने आठवणीने घ्यावा लागतो.

हे सारे सर्व युनिकर्नेलना सारख्याच प्रमाणात लागू आहे, असे समजणे अन्यायाचे होईल. तपासलेल्या दोन्ही प्रणाली सी आणि सी++ या भाषांच्या जगातील होत्या. मिराजचा मार्ग वेगळा आहे. ती ओकॅमल या भाषेत लिहिलेली आहे, आणि या भाषेत शंभराच्या जागेत दोनशे लिहू दिलेच जात नाही. भिंत यंत्राकडून काढून भाषेकडे दिली, असे या मार्गाचे वर्णन करता येईल. भाषेच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. व्याकरणानेच अपराध अशक्य करावा, ही कल्पना नैसर्गिक भाषांच्या बाबतीत कोणी मनातही आणणार नाही.

या मार्गाची निकड एप्रिल २०१४ मध्ये सर्वांना पटली. 'ओपनएसएसएल' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या गुप्तलेखन-लायब्ररीतील 'हार्टब्लीड' हा दोष तेव्हा जाहीर झाला. दूरच्या यंत्राला 'माझा एवढ्या लांबीचा मजकूर परत पाठव' असे सांगावयाचे, प्रत्यक्षात मजकूर तोकडा द्यावयाचा, आणि ते यंत्र उरलेली लांबी आपल्या स्मृतीतील शेजारच्या मजकुराने, प्रसंगी गुप्त किल्ल्यांसह, भरून देत असे. युनिकर्नेलमध्ये ही लायब्ररी जशीच्या तशी घातली असती, तर आकार कितीही लहान असून उपयोग झाला नसता. हानेस मेहनर्ट आणि डेव्हिड कालोपर यांनी त्याच वर्षी गुप्तसंवादाचा तो करार ओकॅमलमध्ये नव्याने लिहिण्याचे काम केले.

त्याची जाहीर परीक्षा मोठी रंजक होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये या दोघांनी एक युनिकर्नेल जाळ्यावर उघडा ठेवला आणि त्यात १० बिटकॉइनची किल्ली ठेवली. मेक्सिकोत सणाच्या दिवशी खाऊ भरलेले मडके टांगून मुले ते काठीने फोडतात. त्या मडक्याचे 'पिन्याता' हे नाव या प्रयोगाला दिले होते. आपल्याकडील दहीहंडीशी त्याचे नाते कोणालाही जाणवेल. योग्य प्रमाणपत्र दाखविणाऱ्याला किल्ली मिळेल, पण ते प्रमाणपत्र कोणालाच दिलेले नव्हते. शिवाय या यंत्राला स्वतःशीच बोलावयास लावून तो संवाद मधून ऐकण्याची मुभाही ठेवली होती. म्हणजे फोडणाऱ्याला हवी ती सोय होती, आणि फोडल्याचा पुरावा सार्वजनिक नोंदवहीत आपोआप दिसला असता. मार्च २०१८ मध्ये प्रयोग थांबविला, तोवर मडके फुटले नव्हते.

यावरून काय सिद्ध होते? तीन वर्षांत ज्यांनी प्रयत्न केला त्यांना यश आले नाही, एवढेच. ज्यांनी प्रयत्नच केला नाही त्यांच्याविषयी हा प्रयोग काही सांगत नाही. तथापि त्याचे एक मोल मान्य केले पाहिजे: संरक्षणाचा दावा खोटा ठरविण्याची संधी दावा करणाऱ्यांनीच परक्यांच्या हाती दिली होती. या क्षेत्रातील जाहिरातवजा लेखनात तसे क्वचितच घडते.

भाषेची भिंतही सगळीकडे पुरत नाही. ओकॅमलचे नियम ओकॅमलच्या हद्दीत चालतात. झेनच्या जाळे-जोडणीत स्मृतीची पाने दुसऱ्या यंत्राच्या हाती प्रत्यक्ष द्यावी लागतात, आणि तेथे हद्द संपते. मिराजच्या याच भागात २०१६ साली, आणि पुन्हा २०१९ साली, स्मृतीतील परका मजकूर बाहेर गळू शकेल असे दोष सापडले व मिराजकारांनीच ते जाहीर केले. आतील भिंत नसल्यामुळे सारा विश्वास खालच्या थरावर टाकलेला असतो. त्या थरातही दोष निघतात: झेनचे दोष वेळोवेळी प्रसिद्ध होत आले आहेत, आणि जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या 'मेल्टडाउन' व 'स्पेक्टर' यांनी तर प्रोसेसरनेच पाळावयाच्या मर्यादा पोकळ असल्याचे दाखविले. म्हणून खालचा थरही कामापुरता करावा, हा विचार पुढे आला. आय.बी.एम.मधील संशोधकांनी २०१६ साली प्रत्येक युनिकर्नेलला त्याच्या मापाचा छोटा राखणदार देण्याची सूचना केली. २०१८ साली त्याच परंपरेतील गटाने हायपरव्हायझर वगळून युनिकर्नेल लिनक्सखालीच चालविला आणि गाभ्याकडे मागता येणाऱ्या विनंत्या बोटांवर मोजण्याइतक्या ठेवल्या. वाडा पुन्हा आला, पण या भाडेकरूसाठी त्याची जवळजवळ सर्व दारे बंद होती.

५

प्रतिपत्तिगौरवाचा मुद्दा सर्वांत तीव्रतेने ब्रायन कँट्रिल यांनी मांडला. जानेवारी २०१६ मध्ये, डॉकर या कंपनीने युनिकर्नेल सिस्टिम्स ही छोटी कंपनी विकत घेतल्याच्या सुमारास, त्यांनी युनिकर्नेल प्रत्यक्ष व्यवहारास अपात्र असल्याचे प्रतिपादन केले. चालू यंत्र बिघडले तर आत डोकावून पाहण्याची साधने नाहीत, हा त्यांचा मुख्य आक्षेप. भाष्याशिवाय सूत्र हाती आल्यासारखी ही अवस्था आहे, आणि ती संरक्षणाच्याही विरुद्ध जाते: ज्या यंत्रात काय घडले हे मालकाला पाहता येत नाही, त्यात कोणी येऊन गेला हेही त्याला कळत नाही. मिराजची आज्ञावली विकसनाच्या काळात साध्या युनिक्सखाली चालवून तपासता येते, हे उत्तर खरे असले तरी अर्धे आहे. तालमीत न झालेली चूक प्रयोगातच होते.

दुरुस्तीचा प्रश्न याला लागूनच येतो. नेहमीच्या यंत्रावर सदोष लायब्ररी बदलली की तिचा उपयोग करणाऱ्या बहुतेक आज्ञावल्या सुधारतात. युनिकर्नेलमध्ये ती प्रत्येक प्रतिमेत विरघळलेली असते. कोणत्या प्रतिमेत कोणती आवृत्ती आहे, याची नोंद ठेवणे आणि त्या सर्व पुन्हा बांधणे, हे काम बांधणाऱ्याकडे येते. बर्लिनमधील 'रॉबुर' या सहकारी गटाने यासाठी पुनर्निर्मितिक्षम बांधणीचा आग्रह धरला आहे. त्याच मूळ मजकुरातून कोणीही, कोठेही बांधले तरी बिट न् बिट तीच प्रतिमा निघाली पाहिजे. पाठचिकित्सकाला हा आग्रह ओळखीचा वाटावा. हाती असलेली प्रत कोणत्या मूळ प्रतीची, हे निश्चित ठरविता येणे हीच ती अपेक्षा आहे.

या सर्व अडचणींमुळे युनिकर्नेलने लिनक्सची जागा घेतली नाही. त्याची स्थाने लहान आणि नेमकी आहेत. डॉकरच्या मॅक व विंडोजवरील आवृत्तीत जाळ्याची वाहतूक हाताळण्यासाठी मिराजच्या लायब्रऱ्या वापरल्या गेल्या. संरक्षणप्रधान 'क्यूब्ज' प्रणालीत लिनक्सच्या जागी बसविता येणारा मिराजचा छोटा अग्निरोधक उपलब्ध आहे. गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या 'नेटएचएसएम' या उपकरणाची मुख्य आज्ञावली मिराजवर उभी आहे. या सर्वांच्या मुळाशी असलेल्या ओकॅमल भाषेला डिसेंबर २०२२ च्या ५.० या आवृत्तीत अनेक प्रोसेसर एकाच वेळी वापरण्याची शक्ती आली, आणि त्या कामात मद्रासच्या आय.आय.टी.तील के. सी. शिवरामकृष्णन यांचा प्रमुख वाटा आहे.

सी भाषेच्या बाजूने २०२१ साली पुढे आलेल्या 'युनिक्राफ्ट'ने प्रणालीचे सुटे भाग जुळवून नेहमीच्या आज्ञावल्या चालविण्याची वाट सुकर केली. त्यावर आधारलेल्या 'फ्लेक्सओएस'ने २०२२ साली एक वेगळी वाट दाखविली. भिंत हवी की नको, हे प्रणालीच्या आराखड्यात कायमचे ठरवून न टाकता बांधणीच्या वेळी ठरवावयाचे. ज्या लायब्ररीवर विश्वास नाही तेवढी वेगळ्या कप्प्यात टाकावयाची, बाकीच्या एकत्र ठेवावयाच्या. इंटेलच्या प्रोसेसरमधील स्मृति-किल्ल्यांच्या आधारे असे कप्पे करता येतात, पण त्या किल्ल्या सोळाच आहेत. त्यामुळे कोणाला कोणापासून तोडावयाचे याची निवड करावीच लागते, आणि प्रत्येक भिंतीची किंमत वेगाच्या रूपाने मोजावी लागते. ती निवड कंपायलर करीत नाही. कोणत्या घटकावर अविश्वास दाखवावयाचा हे अद्याप बांधणाऱ्या माणसालाच सांगावे लागते.